मामीची सुट्टी

मामाचं गाव म्हणतात सगळी. मामीचं कुणी म्हणत नाही. भाकऱ्या मामी थापते, पोरांची धुणी मामी धुते, उन्हातनं आलेल्या पोराचा घोळणा फुटला की कांदा फोडून नाकाशी धरायला मामी पळते, आणि गाव मामाचं. शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्या आणि वरची गच्ची हेच ते गाव. माझा नवरा श्रीशैल हा तो मामा. सकाळी नऊला दुकान उघडायला जातो, रात्री येतो, येताना कुल्फी आणतो. पोरं म्हणतात, मामा एकदम भारी आहे. असणारच की.

माझी नणंद वैजयंती पुण्याला असते. नवराबायको दोघं नोकरीला, त्यामुळे सुट्टी लागली की पोरांचं काय करायचं हा प्रश्न त्यांना पडत नाही, मला पडतो. सिद्धेश अकरा वर्षांचा, गिरिजा आठची, आणि मधे आमची नीला, नऊची. गेली सहा वर्षं मे महिना उजाडला की दोन बॅगा आणि दोन पोरं आमच्या दारात. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

सोलापूरचा मे ज्यानं काढलाय त्यालाच तो ठाऊक. अकरापासनं पाचपर्यंत दार लावून घ्यायचं. खिडकीला ओली चादर लावायची, ती अर्ध्या तासात वाळते, पुन्हा भिजवायची. आत तीन पोरं आणि एक पंखा. पहिल्या वर्षी तिघांनी मिळून मला रडवलं. मग मी शिकले. पाणी पाच दिवसाआड येतं आमच्याकडं, तर पाण्याच्या दिवसाचा मी सण केला. नळापासनं टाकीपर्यंत पोरांची रांग लावायची, तांब्या-कळशी हातोहात पुढं सरकवायची, ज्याचं सांडलं त्यानं लादी पुसायची. पाणी भरून व्हायचं, पोरं भिजून गार व्हायची, लादी पुसून मिळायची. सकाळी गच्चीवर कुरडया घालायच्या, पोरांनी राखण करायची, राखणदाराला वाटीभर गरम चीक. दुपारी भांडणं लागली की कोर्ट. मी लाटणं घेऊन पाटावर बसायची, फिर्यादीनं उभं राहून बोलायचं, मधे बोलेल त्याला दंड म्हणून लसूण सोलायची. माझी वर्षाची शेंगाचटणी त्या दंडाच्या लसणीवर झाली एकदा.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वैजयंती पुण्यात सगळ्यांना सांगत सुटली, आमच्या वहिनीसारखी पोरं कुणाला रमवता येत नाहीत. कौतुक असं गोड असतं की नाही म्हणायला जागाच ठेवत नाही.

आता माझं दुखणं सांगते.

माझं माहेर अक्कलकोट. एष्टीनं तासाभराचं. घरी आम्ही कानडी बोलणारी माणसं, दारात मराठी, चुलीपाशी कानडी. सासर बार्शीकडचं, तिथं कानडीचं कुणाला काही नाही. नीला झाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, घरात दोन दोन भाषा नकोत, पोरीचा घोटाळा होईल. मी मान डोलावली. अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, मराठी येत होतं की. आजी-नात मराठीत बोलतील, अडतंय कुठं?

मागच्या दिवाळीनंतर अव्वाला झटका आला. उजवा हात गेला, तोंड थोडं वाकडं झालं, आणि मराठी गेलं. सगळं पुसलं. राहिलं ते कानडी, तेही चार-दोन शब्द. डॉक्टर म्हणाले, असं होतं, आधी शिकलेलं मागं राहतं. संक्रांतीला नीलाला घेऊन गेले तर अव्वा तिच्याकडं बघून कायतरी बोलत होती आणि नीला माझ्या पदराआड. नऊ वर्षांत माझी पोर आजीकडं सलग दोन दिवस राहिलेली नाही. कधी राहणार? सुट्टीत नणंदेची पोरं आमच्याकडं, मी कुठं हलणार?

मी तिथल्या तिथं ठरवलं. या मे महिन्यात पंधरा दिवस अक्कलकोट. पोरगं पंधरा दिवसांत भाषा उचलतं. अव्वा हाय तवर दोघींचं चार शब्दांचं बोलणं झालं पाहिजे, बास. श्रीशैलला संक्रांतीलाच सांगून ठेवलं होतं. तो व्हय म्हणाला. त्याचं व्हय म्हणजे काय ते मला कळायला पाहिजे होतं.

एप्रिलच्या शेवटी वैजयंतीचा फोन आला. मला नाही, त्याला. तो फोन ठेवून म्हणाला, "शनिवारी येत्यात पोरं."

"आणि अक्कलकोट?"

"जा की. त्यांना बी घेऊन जा."

त्याला खरंच वाटत होतं की ही तोड हाय. माझ्या भावाच्या घरी, आजारी आईच्या उशाशी, मी नणंदेची दोन पोरं घेऊन जायचं. त्या दिवशी मी जे बोलले ते शेजारच्या वाड्यापर्यंत ऐकू गेलं असेल. मी वैजयंतीलाही फोन लावला. म्हटलं, "या वर्षी तुमच्या पोरांचं तुम्ही बघा." तर ती रडकुंडीला आली. "वहिनी, तुझ्याशिवाय कुणाच्या जिवावर सोडू गं त्यांना?" ती खोटं बोलत नव्हती, हीच तर पंचाईत. पोरं आली.

आठ दिवस मी कोर्टही भरवलं आणि कुरडयाही घातल्या. मग एका सकाळी बॅग भरली, नीलाच्या दोन वेण्या घातल्या आणि श्रीशैलला सांगितलं, "चार दिवस तू दुकान बंद ठेव न्हायतर पोरांना दुकानात ने. मी चालले." पंधराचे चार झाले होते. तेही भांडून.

खरं सांगू, नीलालाच यायचं नव्हतं. उद्या पाण्याचा दिवस होता. सिद्धेश आणि गिरिजा गच्चीवरून हात हलवत होती आणि ही माझा हात सोडवून घेत रडत होती. एष्टीत माझ्याकडं पाठ करून बसली. म्हणाली, "मी काय केलं म्हणून मला शिक्षा?" जिच्यासाठी एवढं रामायण केलं ती हे म्हणते. मी खिडकीतनं आलेली झळ तोंडावर घेत बसले.

माझा भाऊ मल्लिनाथ स्टँडवर आला होता. घरी गेलो तर भावजय महानंदा दारात पाणी घेऊन उभी. "या अक्का," म्हणाली. मी मोठी, म्हणून दोघंही मला अक्काच म्हणतात. हसली, पण हसू ओठाच्या पुढं गेलं नाही. तिच्या दोन्ही पोरी कोपऱ्यात तोंड पाडून बसल्या होत्या. माझ्या मनात आलं, उन्हानं असेल.

अव्वा पडवीतल्या खाटेवर. मला बघून तिचा डावा हात वर झाला. नीलाला मी खाटेपाशी बसवलं, म्हटलं, बस इथं, आजी बोलेल ते ऐक, आपोआप येतं. आणि मी सैपाकघरात गेले. माहेरी लेक येऊन बसून खाते हे आई धडधाकट असते तोवर. भावजयीच्या राज्यात नणंद बसून राहिली तर भावजयीच्या डोळ्यांत खुपते. मी नणंदही हाय आणि वहिनीही, मला दोन्ही बाजू पाठ. म्हणून मी भाकऱ्या थापल्या, भांडी घासली, ज्वारी निवडली. महानंदा "ऱ्हाऊ द्या अक्का" म्हणायची आणि दुसरं काम पुढं सरकवायची. दोन दिवस मी पडवीत धड बसले नाही.

त्यात श्रीशैलचे फोन. पत्ते कुठं ठेवलेस, गिरिजाचा फ्रॉक कुठला धुवायचा, पोरं बोअर व्हायल्यात, कोर्ट म्हणजे काय करायचं असतं. एकदा फोन सिद्धेशनं ओढून घेतला. "मामी, मामाला काहीच येत नाही. तू कधी येणार?" मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

नीला मात्र दोन दिवसांतच सुकायला लागली. ताट घेऊन दारात उभ्यानं खायची. अर्धी भाकरी खाल्ली की बास. मी ओरडायची, बसून खा की. ती माझ्याकडं असं बघायची की मीच काहीतरी वाईट केलंय. आजीच्या खाटेपाशी बसायची, थोड्या वेळानं उठून अंगणात जायची, पुन्हा यायची, पुन्हा उठायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाहेर नळावर तिचे पाय धुवत होते, तेव्हा ती खाली बघून म्हणाली, "आई, आपण घरी जाऊ. आजीला आपण आलेलं आवडलं न्हाय."

"कोण म्हणालं?"

"आजीच म्हणते. मी जाऊन बसले की म्हणते, उटा. मी उठते. परत बसले की परत उटा. तुला बी म्हणते. ताट घेतलं तरी उटा. आपल्या दोघींना म्हणते म्हणून उटा म्हणते, नुसतं मला असतं तर ऊठ म्हणाली असती की."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. आमच्या सोलापुरात उठा असं कोण म्हणतं, उटाच म्हणतात सगळी. आणि कानडीत ऊटा म्हणजे जेवण. माझी आई, तोंड वाकडं झालेली, शंभर शब्दांतनं तिच्यापाशी उरलेला एक शब्द घेऊन दोन दिवस त्या पोरीला म्हणत होती, जेव. जेव गं बाई. आणि पोर दर वेळी उठून जात होती. आणि पोर उठून गेली की म्हातारीला वाटत असणार, ही माझ्या घरचं खायला बघत नाही.

मी नळापाशीच रडले. लपवून नाही, चांगली हुंदके देऊन रडले. दोन भाषा नकोत म्हणाल्या सासूबाई, आणि मी मान डोलावली होती. चूक त्यांची नव्हती, मान माझी होती.

मग नीलाला सांगितलं. "अगं येडे, ऊटा म्हणजे जेवण. ऊटा माडव्वा म्हणजे जेव गं बाळा. आजी तुला जेव म्हणते."

तिला हसू आलं, दोन दिवसांत पहिल्यांदा. मग तिनं विचार केला आणि विचारलं, "मग मामी म्हणते ते?"

"काय म्हणते मामी?"

"मामी बी म्हणते की. उटा उटा करत असते सारखं. केरसुणी घेऊन येते आणि म्हणते."

महानंदा म्हणत होती, नीलाला कळावं म्हणून मराठीत. मीही ऐकलं होतं. उटा अक्का, झाडून घेते. उटा, खाट सरकवते. उटा, पोरींना बसायचंय. दिवसातनं दहा वेळा झाडत होती ती, आणि घरात आम्ही जिथं बसू तिथंच केर असायचा. मला ते कळत होतं. मीसुद्धा वैजयंती दोन दिवस जास्त राहिली की अशीच झाडते.

पण पोरीला काय सांगू? तुझी मामी तुला ऊठ म्हणते, म्हणून? नऊ वर्षांत पोर पहिल्यांदा मामाच्या घरी राहायला आली होती. मी म्हटलं, "मामी बी तेच म्हणते. जेवा म्हणते."

"केरसुणी घेऊन?"

"कामाच्या गडबडीत असती ती. जेवा म्हणते, चल."

त्या रात्री नीला आजीच्या खाटेला टेकून जेवली. अव्वा ऊटा म्हणाली की ही एक घास जास्त घ्यायची आणि तिला दाखवायची. अव्वाचं तोंड एका बाजूनं हसलं. मला वाटलं, मिळालं सगळं. चार दिवसांत होईल काम.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराची वेळ. मी आणि नीला पडवीत बसलो होतो, मी अव्वाच्या केसांना तेल लावत होते. मल्लिनाथ कामावर गेला होता. महानंदा आतनं केरसुणी घेऊन आली. "उटा, उटा जरा," म्हणाली.

नीला टुणकन उठली, आत पळाली आणि दोन ताटं घेऊन आली. एक माझ्यापुढं ठेवलं, एक स्वतःपुढं. मांडी घालून बसली आणि मामीकडं तोंड वर करून गोड आवाजात म्हणाली, "मामी, काय केलंय आज?"

महानंदा केरसुणी धरून उभी. तिच्या थोरलीला आधी कळलं. "अय्य, ही उटाला ऊटा समजली," म्हणून ती खिदळायला लागली. नीलाचं तोंड पडलं. तिनं माझ्याकडं बोट केलं. "आई म्हणाली. मामी उटा म्हणते म्हणजे जेवा म्हणते, असं आईनंच सांगितलं."

 महानंदा माझ्याकडं बघत होती. येडी नाही ती. पोरीला खोटं का सांगावं लागलं, हे तिला उलगडून सांगायची गरज नव्हती. तिनं केरसुणी भिंतीला लावली आणि खाली बसली, माझ्या समोर.

"अक्का, मी तुमाला जावा असं कवा म्हटलं?"

"न्हाय म्हटलंस."

"म्हणायचं व्हतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "लई म्हणायचं व्हतं. म्हटलं न्हाय. चार दिवस झालं माझ्या पोरींची बॅग भरलेली हाय. इंडीला जायचं व्हतं, माझ्या माहेरी. त्यांचा मामा रोज फोन करतोय. तुमचा फोन आला, हे म्हणाले अक्का येतीया, राहू दे तुझं. मला इचारलं बी न्हाय. दिवाळीपासनं अक्का, अत्तींना, तुमच्या आईला, सोडून मला हलता येत न्हाय.  मी करते, करणार, त्याचं काय न्हाय. पण तुमी चार दिवस येऊन केस विंचरून जाणार."

एक शब्द खोटा असता तरी मी भांडले असते. भांडायला मी कुणाला ऐकत नाही. पण तिचं बोलणं माझंच होतं, नुसतं तोंड दुसरं होतं. मी कुणाची तरी वैजयंती होते, आणि मला सहा वर्षांत ते सुचलं नव्हतं. 

"तू जा इंडीला," मी म्हटलं. "मी बघते अव्वाचं. आठ दिवस राहते."

बोलताना खरं वाटत होतं. तेवढ्यात माझा फोन वाजला. श्रीशैल. गिरिजाला ऊन लागलंय, उलट्या होतायत, पोरगी मामी मामी करतीया, वैजू पुण्यातनं रडतीया, तू आधी निघ. महानंदानं सगळं ऐकलं, मोठ्यानं बोलतो तो. ती हसली. त्या हसण्यात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

"जावा अक्का. लेकरू आजारी हाय," ती म्हणाली. "आमचं हाय की रोजचंच."

मग ती आत गेली आणि ताटात वाढून आणलं. भाकरी, वांग्याची भाजी, चटणी, वर साईचं दही. समोर बसून वाढलं तिनं. मी जेवले. न जेवून जाते कुठं. नीला मान खाली घालून चटणीच्या कडा बोटानं सारख्या करत होती.

जेवून झाल्यावर बॅग भरली. दीडची गाडी होती. अव्वाला कसं सांगायचं ते मला कळेना, म्हणून मी नीलाला खाटेपाशी उभं केलं आणि म्हटलं, नमस्कार कर. अव्वानं तिचा हात डाव्या हातात धरला. विचारलं, "ऊटा आतेनु?"

म्हणजे, झालं का जेवण. मी नीलाच्या कानात सांगितलं, म्हण, ऊटा आतु. झालं जेवण.

"ऊटा आतु," नीला म्हणाली, अगदी स्वच्छ.

अव्वाचे डोळे एवढाले झाले. नातीला कानडी येतं. दिवाळीपासनं जिला एकेक शब्द शोधावा लागत होता ती एकदम बोलायलाच लागली, तुटक, लाळ गाळत, नीलाचा हात दाबत. मी बॅग खांद्यावर घेऊन उभी होते. तिचं बोलणं मी नीलाला सांगितलं नाही. ती विचारत होती, एष्ट दिन इर्ती, एष्ट दिन. किती दिवस राहणार तू?

नीलाला एकच वाक्य येत होतं. तिनं आजीकडं बघून हसून ते पुन्हा म्हटलं.

"ऊटा आतु."